शस्त्रक्रिया करायची तर कोणती, आणि कधी?

पत्र

माझं वय ३४, उंची १५८ सेंटिमीटर, वजन १०६ किलो. चार वर्षांपासून मधुमेह आहे. दोन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत, तरी शेवटचं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४ आलं. आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने तीनदा पंधरा-पंधरा किलो उतरवले, पण दरवेळी दीड-दोन वर्षांत सगळं परत चढलं. गुडघे दुखतात म्हणून जवळजवळ रोज एक पेनकिलर घेते. रात्री छातीत जळजळ होते, कधी आंबट पाणी घशाशी येऊन जाग येते. नवरा म्हणतो, मी फार घोरते. सर्जननी वजन कमी करण्यासाठी स्लीव्हची, म्हणजे जठर कापून लहान करायची, शस्त्रक्रिया सुचवली आहे आणि पुढच्या महिन्यातली तारीख देतो म्हणाले. आम्हाला दुसरं मूलही हवं आहे. सासूबाईंचं म्हणणं, ‘जिभेला आवर घाल, पोट कापून काय होणार?’ करू की नको, स्पष्ट सांगा.

उत्तर

शस्त्रक्रियेचा विचार करताय तो योग्यच आहे. पण पुढच्या महिन्यातली तारीख घेऊ नका, आणि स्लीव्हला तर इतक्यात हो म्हणूच नका. पत्रात तुम्ही जळजळीवर एक ओळ लिहिलीत आणि पुढे गेलात. आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

आधी पात्रतेचं बघू. १०६ किलोला १.५८ च्या वर्गाने भागलं की तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४२.५ च्या आसपास येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या निकषात ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेहासारखा आजार, अशी अट होती. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संघटनांनी ती सैल केली. आता ३५ च्या वर कुणालाही, आणि मधुमेह असेल तर ३० पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करावा असं त्या म्हणतात. आशियाई वंशाच्या लोकांसाठी तर हा आकडा आणखी खाली, २७.५ वर आणलाय. कुठलाही निकष लावा, तुम्ही त्यात बसता.

सासूबाईंना एवढंच सांगा की, जिने तीनदा पंधरा किलो उतरवले तिचा जिभेवर ताबा नाही असं म्हणता येत नाही. वजन उतरलं की भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात, पोट भरल्याची जाणीव देणारी कमी होतात आणि शरीर बसल्याजागी लागणारी ऊर्जाही कमी खर्च करायला लागतं. हे वर्षभराने आपोआप पूर्ववत होत नाही. शस्त्रक्रियेने पोट लहान होतं हा तिचा अर्धाच परिणाम. भूक आणि साखर सांभाळणारी ही संप्रेरकंच ती बदलते, म्हणून तिचा परिणाम टिकतो.

आता जळजळ. स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरच्या बाजूचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. काढलेला भाग परत जोडता येत नाही. भुकेचं संप्रेरक मुख्यतः याच काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूक कमालीची कमी होते. पण नळी अरुंद, जठराचं खालचं दार मात्र पूर्वीसारखंच घट्ट. त्यामुळे आत दाब वाढतो आणि आम्ल वर अन्ननलिकेत ढकललं जातं. कापताना अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला कोनही बदलतो, आणि तोच तर आम्ल अडवायला मदत करत असतो.

स्वित्झर्लंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास (जठराला वळसा घालणारी दुसरी शस्त्रक्रिया) यांची पाच वर्षं तुलना झाली, निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन दोन्हींत जवळजवळ सारखंच उतरलं. फरक पडला तो जळजळीत. ती वाढण्याचं प्रमाण स्लीव्हनंतर सुमारे ३२ टक्के, बायपासनंतर ६ टक्के. बरी होण्याचं प्रमाण स्लीव्हनंतर २५ टक्के, बायपासनंतर ६०. आंबट पाण्याने झोपेतून जाग येणाऱ्या माणसाला तपासणी न करता स्लीव्हची तारीख देणं आम्हाला पटत नाही.

म्हणून पहिलं काम एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून तपासणी. अहवालात चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते बघा: अन्ननलिकेला सूज वा जखमा आहेत का आणि असल्यास कोणत्या श्रेणीच्या (ए, बी, सी, डी), बॅरेट्स म्हणून ओळखला जाणारा अस्तरातला बदल आहे का, जठराचा वरचा भाग छातीत सरकलाय का, म्हणजे हायटस हर्निया, आणि हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी केली का. सी किंवा डी श्रेणी, किंवा बॅरेट्स निघालं तर स्लीव्हचा विषय संपला. हर्निया छोटा असेल तर त्याच शस्त्रक्रियेत दुरुस्त करता येतो. जंतू सापडला तर आधी औषधांचा कोर्स पुरा करायचा आणि तो गेल्याची तपासणी करून घ्यायची. एन्डोस्कोपी स्वच्छ, पण त्रास मात्र आहे, अशी स्थिती असेल तर चोवीस तास अन्ननलिकेतलं आम्ल मोजणारी तपासणी मागा.

मग बायपासच का करू नये? बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं वर आणून तिला जोडतात. अन्न बाकीच्या जठराला आणि आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून जातं. तुमच्या मधुमेहाला आणि जळजळीला ही जास्त मानवणारी. पण इथे तुमची पत्रातली दुसरी ओळ आडवी येते, ती रोजच्या पेनकिलरची. पिशवी आणि आतडं जिथे जोडलेलं असतं, त्या सांध्यावर व्रण होऊ शकतो. तो होण्याची सर्वांत मोठी दोन कारणं म्हणजे तंबाखू आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या. व्रणातून रक्तस्राव होतो, कधी भोकही पडतं. म्हणजे बायपास करायची तर या गोळ्या आयुष्यभरासाठी बंद. दंतवैद्याने लिहून दिल्या तरी नाही, ताप आल्यावर घरातल्या कुणी हातावर ठेवली तरी नाही. पॅरासिटामॉल चालतं. गुडघ्यांसाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि वरून लावायच्या मलमाबद्दल डॉक्टरांना विचारा. तसंही मधुमेहात रोजची पेनकिलर मूत्रपिंडांना चांगली नाहीच.

बायपासचे आणखी तीन त्रास माहीत असू द्या. एक, गोड किंवा पातळ साखरेचं काही झटकन खाल्लं की पंधरा-वीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब. याला डम्पिंग म्हणतात. ते त्रासदायक असतं, पण जिवावर बेतत नाही. दोन, वर्षभरानंतर काहींना जेवल्यावर एक ते तीन तासांनी साखर एकदम खाली जाते, हातपाय थरथरतात. तीन, आणि हे गंभीर, आतडं वर आणताना त्याच्या पडद्यात फटी तयार होतात. वजन उतरल्यावर त्या रुंदावतात आणि त्यात आतडं अडकू शकतं. कधीही, अगदी पाच वर्षांनीसुद्धा, पोटात अचानक जोरात कळ येऊन राहिली तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून थांबायचं नाही. रुग्णालयात गेल्याबरोबर पहिलं वाक्य ‘माझी बायपास झालेली आहे’ हे असलं पाहिजे. सर्जनना आत्ताच विचारून ठेवा, या फटी तुम्ही टाक्यांनी बंद करता का?

मिनी-बायपास नावाचा एक पर्यायही तुम्हाला कुणी सुचवेल. त्यात एकच जोड असतो, शस्त्रक्रिया लवकर उरकते. पण आतड्यातलं पित्त पिशवीत येऊ शकतं. आधीच जळजळ असलेल्याने तो घ्यावा असं आम्ही म्हणणार नाही.

वजन किती उतरेल? जाहिरातींत ‘७० टक्के वजन कमी’ असं छापतात, ते जादा वजनाच्या ७० टक्के असतं. तुमच्या उंचीला बीएमआय २५ म्हणजे सुमारे ६२ किलो. जादा वजन झालं ४४. त्याचे ७० टक्के म्हणजे ३१ किलो. सरळ हिशेबात, एकूण वजनाच्या साधारण २५ टक्के स्लीव्हनंतर आणि ३० टक्के बायपासनंतर उतरतं. म्हणजे दीड-दोन वर्षांनी तुम्ही ७४ ते ८० किलोंच्या दरम्यान असाल. नंतर काही किलो परत येतातही. ५५ किलोचं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते आत्ताच पुसून टाका. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही नाराज असलेली माणसं बहुतेक याच चित्रामुळे नाराज असतात.

मधुमेहाच्या बाबतीत तुमची बाजू भक्कम आहे. आजार चारच वर्षांचा, इन्सुलिन नाही. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली असलेले लोक बायपासच्या गटात २९ टक्के, स्लीव्हच्या गटात २३ आणि नुसत्या औषधांच्या गटात ५ होते. त्यांतल्या अनेकांचा आजार तुमच्यापेक्षा जुना होता. तरी ‘मधुमेह मुळापासून गेला’ असं कुणी म्हटलं तर मानू नका. तो परतू शकतो, तपासण्या सोडायच्या नाहीत.

तुमच्या दोन गोळ्यांची नावं तपासा. एखाद्या औषधाच्या मूळ नावाचा शेवट ‘ग्लिफ्लोझिन’ असा असेल तर ती शस्त्रक्रियेच्या तीन ते चार दिवस आधी थांबवावी लागते. शस्त्रक्रियेआधीच्या कमी कर्बोदकांच्या आहारात आणि उपाशीपोटी या गोळीमुळे रक्तात कीटोन नावाचं आम्ल साठू शकतं. ते लक्षातही येत नाही, कारण ग्लुकोमीटरवर साखर साधारणच दिसते. मळमळ, उलटी, जोरजोरात श्वास सुरू झाला की कीटोन तपासायला हवेत. शस्त्रक्रियेनंतर साखर आठवडाभरातच उतरायला लागते, वजन उतरण्याच्या कितीतरी आधी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी जुन्याच डोसमध्ये चालू राहिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. घरी जाण्याच्या दिवशी मधुमेहाच्या औषधांचा नवा कागद हातात पडल्याशिवाय निघू नका.

घोरण्यासाठी झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास अडकत असेल तर भूल आणि नंतरची वेदनाशामकं यांचा धोका वाढतो. झोपेत श्वास मोकळा ठेवणारं यंत्र लावायला सांगितलं तर काही आठवडे आधीपासून लावून सवय करा आणि शस्त्रक्रियेला जाताना ते सोबत न्या.

बाळाबद्दल. शस्त्रक्रियेनंतर किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा नको, कारण त्या काळात शरीर सतत कमी ऊर्जेत आणि अपुऱ्या पोषणात असतं. पण नेमकं याच काळात, वजन उतरायला लागलं की, पाळी नियमित होते आणि दिवस जाण्याची शक्यता वाढते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण ती पुरेशी शोषली जात नाही. शस्त्रक्रियेआधीच तांबी किंवा तशा दुसऱ्या साधनाचं ठरवा. आणि हेही लक्षात घ्या की ८.४ एचबीए१सी असताना गर्भ राहिला तर बाळात व्यंग असण्याचा धोका वाढतो. त्यामुळे शस्त्रक्रिया नाही केलीत तरी बाळासाठी आत्ता थांबावंच लागेल. आज तयारी सुरू केलीत तर साधारण छत्तिसाव्या वर्षी तुम्ही मोकळ्या असाल, आणि तो काही उशीर नव्हे. गरोदरपणात ग्लुकोज पिऊन करायची तपासणी बायपास झालेल्यांनी करायची नसते, त्याऐवजी आठवडाभर घरी बोटातून साखर मोजतात. हे स्त्रीरोगतज्ज्ञांना आठवणीने सांगा.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन उतरलं. ही औषधं खरोखर चांगली आहेत. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत आलं, आणि गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी ते बंद करावंच लागतं. म्हणजे तुमच्या बाबतीत ऐन गरजेच्या वेळी आधार सुटणार. शस्त्रक्रियेआधी साखर खाली आणायला त्यांचा उपयोग होऊ शकतो. मात्र भूलतज्ज्ञांना शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते सांगायचं, कारण त्याने जठर उशिरा रिकामं होतं.

धोका किती, हे विचारायला लोक संकोचतात. अनुभवी ठिकाणी मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे, पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास. स्टेपल केलेल्या रेषेतून गळती होण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक. ती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होते आणि तोवर तुम्ही घरी आलेल्या असता. गळतीत पोट फार दुखेलच असं नाही. बहुतेकदा आधी नाडी वाढते. बसल्याजागी नाडी मिनिटाला १२० च्या वर राहिली, ताप आला, डाव्या खांद्यात दुखायला लागलं किंवा धाप लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. एका पोटरीला सूज आली तर तीही त्याच दिवशी दाखवायची, ती गुठळी असू शकते.

उलट्यांचं वेगळं सांगायला हवं. दोन-तीन दिवस काहीच पोटात ठरत नसेल तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१, झपाट्याने संपतं. डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, आणि उशीर झाला तर मेंदूचं नुकसान कायमचं राहतं. अशा रुग्णाला घाईघाईत नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर स्थिती बिघडू शकते. थायमिन आधी, ग्लुकोज नंतर. हे वाक्य नवऱ्याला पाठ करायला लावा, कारण त्या वेळी तुम्ही ते सांगण्याच्या अवस्थेत नसाल.

आता निर्णयाचा खरा भाग. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची, पण नंतरच्या गोळ्या आयुष्यभराच्या. रोज मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट १२०० ते १५०० मिलिग्रॅम (एका वेळी ५०० च्या आसपासच, कारण त्याहून जास्त शोषलं जात नाही), डी जीवनसत्त्व ३००० युनिट, पाळी चालू असल्याने लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम, आणि बी-१२ रोज तोंडावाटे नाहीतर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवायचं. प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. रक्ततपासणी तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी. जे लोक दोन वर्षांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून हे सोडतात, तेच पुढे रक्तक्षय, हाडांची झीज, पायांना मुंग्या घेऊन परततात.

हे जमेल का, याची परीक्षा शस्त्रक्रियेआधीच घेता येते. सहा आठवडे कॅल्शियम दिवसातून तीनदा आणि मल्टिव्हिटॅमिन एकदा, डॉक्टरांना विचारून, घेऊन बघा. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी प्यायचं नाही. तेवढंसं जेवण वीस-तीस मिनिटं सावकाश चावून खायचं, त्यात प्रथिनं आधी. दिवसभरात दीड लिटर पाणी घोट-घोट प्यायचं. दर रविवारी किती वेळा चुकलं ते लिहा. आठवड्यातून एखादा डोस चुकणं कुणाचंही होतं. निम्मे चुकत असतील तर शस्त्रक्रिया पुढे ढकला आणि आधी कारण शोधा. रात्री एकटीने, पोट भरलेलं असतानाही थांबवता न येणारं खाणं होत असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञांना मोकळेपणाने सांगा. म्हणून कुणी तुम्हाला नापास करत नाही, पण त्यावर उपचार न करता शस्त्रक्रिया केली तर वजन परतण्याची शक्यता जास्त.

केस गळतील, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, आणि बहुतेकींचे परत येतात. कातडी सैल पडेल. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी देतात, ती लिहून दिली नाही तर विचारा. बायपासनंतर दारू फार लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो, घरात ती असेल तर हेही ध्यानात असू द्या.

सर्जननाही दोन प्रश्न आहेत. तुम्ही स्वतः स्लीव्ह आणि बायपास दोन्ही नियमित करता का? जो एकच करतो तो बहुधा तीच सुचवतो. आणि रात्री दोनला त्रास झाला तर फोन कोण उचलणार? नेमकं नाव मिळालं पाहिजे.

पुढचे तीन महिने असे काढा. या आठवड्यात एन्डोस्कोपी आणि झोपेच्या तपासणीची वेळ घ्या. त्याबरोबरच लोह, बी-१२, डी आणि थायरॉइडची रक्ततपासणी. साखरेची औषधं बदलून एचबीए१सी ८ च्या खाली आणा. कुठल्याही रूपातली तंबाखू असेल तर आजच बंद, किमान सहा आठवडे आधी. शस्त्रक्रियेच्या आधीचे दोन आठवडे ८०० ते १००० कॅलरींचा आहार असेल. तो यकृत आकसावं म्हणून असतो, कारण जठराच्या वरच असलेलं सुजलेलं यकृत दुर्बिणीतून काम करताना वाट अडवतं. यात चोरी केलीत तर नुकसान तुमचंच.

आणि पेनकिलर उद्यापासून थांबवायचा प्रयत्न सुरू करा. दोन महिने तिच्याशिवाय निघाले तर आमचं मत बायपासच्या बाजूने आहे. नाहीच निघाले आणि एन्डोस्कोपी स्वच्छ आली, तर, छोटा हर्निया असल्यास त्याच्या दुरुस्तीसह, स्लीव्हचा विचार करता येईल. तेव्हा मात्र जळजळ वाढली तर पुढे स्लीव्हची बायपास करावी लागू शकते, हे सर्जननी तुम्हाला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं पाहिजे. एन्डोस्कोपीत जखमा निघाल्या आणि पेनकिलरही सुटत नाही, अशी वेळ आली तर घाई करू नका. आधी गुडघ्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा, आणि दोन्ही अहवाल घेऊन दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.